पाठीमागे बोलायची नोकरी

२ जून

आज मी कुणाचीच नोकर नव्हते, तरी दिवसभर कामावर होते.

दर अकरा महिन्यांनी हा सोहळा होतो. जुनं कंत्राट संपतं, नवं लगेच देत नाहीत, मध्ये दोन-तीन दिवसांचा खंड पाडतात. सलग नोकरी झाली तर उद्या आम्ही 'कायम करा' म्हणून कोर्टात जाऊ, ही सरकारला भीती. खंडात हजेरीवर सही करायची नाही, पगार मागायचा नाही, पण यायचं मात्र. "तुम्ही नाही आलात तर कानाच्या विभागाला कुलूप लागेल मॅडम," असं आस्थापनेचा कारकून आज पुन्हा म्हणाला. त्याला आम्ही 'शिक्का' म्हणतो, कारण शिक्का सतत त्याच्या हातात असतो आणि कागदावर कधीच पडत नाही.

मग गेले. सरकारी दवाखाना, तळमजला, शेवटची खोली. बहिरेपणाचा दाखला हवा असेल त्याचे कान तपासायचे हे माझं काम. कान तपासायचं यंत्र दीड वर्षापासून बंद आहे. आवाजबंद खोलीत जुन्या गाद्या रचल्या आहेत. तर मी माणसाला स्टुलावर बसवते, त्याच्या पाठीमागे उभी राहते आणि बोलते. आधी हळू, मग मोठ्यानं. ज्याला ऐकू येतं तो कधी ना कधी हलतो.

पूर्वी मी 'पाणी', 'झाड', 'खुर्ची' असे शब्द म्हणायचे. पण दाखल्यावर पेन्शन मिळते म्हटल्यावर सोंगं घेणारे तयारीनं येतात, खुर्चीला कोण हलतो? म्हणून मी माझीच पद्धत काढली. "तुमच्या पाठीवर पाल चढतेय," असं शांतपणे म्हणायचं. नाही हलला, तर त्याच्या बायकोबद्दल काहीतरी. मग आईबद्दल. कानाची पाळी लाल झाली की समजायचं, चोर सापडला. मोठे डॉक्टर या पद्धतीवर बेहद्द खूश आहेत. त्यांनी स्वतः मात्र गेल्या सहा महिन्यांत एकही कान पाहिलेला नाही.

५ जून

नवी ऑर्डर मिळाली. पगार तोच. शिक्क्यानं ऑर्डर देताना असा चेहरा केला, जणू स्वतःच्या खिशातून देतोय.

दवाखान्यासमोर कानाच्या यंत्रांचं मोठं दुकान आहे. त्याच्या मालकानं आज मला चहाला बोलावलं आणि सरळच विचारलं, "मॅडम, आमच्याकडे येता का? दीडपट पगार, चालू यंत्र, आवाजबंद खोली, गाद्या नाहीत." त्याला माणूस लगेच हवा आहे, पण माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

मी हरखून परत आले, तर मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "कंत्राटी लोकांना कायम करायची यादी वर जातेय. या वेळी खरंच. आपल्या दवाखान्यातून एकच नाव जाणार. मी तुमचं घातलंय." गेल्या वेळीही 'या वेळी खरंच' असंच होतं. पण गेल्या वेळी एकच नाव नव्हतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कायम म्हणजे कायम. मग शिक्कासुद्धा मला उभं राहून ऑर्डर देईल. पण यादी पुन्हा बुडाली तर दुकानही गेलं आणि मी पुढची सात वर्षं त्या स्टुलामागे.

घरी आले तेव्हा डोकं भणभणत होतं. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला. गेल्या वर्षी मोठ्या तापात त्यांचे कान गेले. तेव्हा मी स्वतः स्वयंपाकघरात त्यांची तपासणी केली होती, पाल म्हटलं तरी ढिम्म हलल्या नाहीत. ठार. तेव्हापासून त्यांच्याशी काही बोलायचं तर आम्ही छोट्या पाटीवर लिहून दाखवतो.

त्याचा एक फायदा आहे आणि तो मी इथे प्रामाणिकपणे लिहिते. दिवसभर लोकांचं ऐकून घेतलं की मी घरी येऊन सासूबाईंसमोर बसते, चेहऱ्यावर छान हसू ठेवते आणि मनात येईल ते बोलते. आज म्हटलं, "काय हो आई, चहा म्हणून गरम पाणी पाजता आणि दिवसभर फुकटचं बसून खाता, कंटाळा नाही येत?" त्या हसल्या, मान डोलावली. मला इतकं हलकं वाटलं! नवरा आतून म्हणाला, "असं बोलू नकोस गं." मी म्हटलं, "त्यांना कुठे ऐकू जातंय?" तो म्हणाला, "तरी." या 'तरी'च्या पुढे त्याची गाडी कधी जात नाही.

६ जून

आज चहा चांगला कडक झाला होता. हात सुधारतोय म्हणायचा.

९ जून

एक दगडफोड्या आला होता. खाणीत सुरुंग लावून लावून कान गेले म्हणतो. अगडबंब माणूस, स्टूल कुरकुरलं. पालीला हलला नाही. मग मी त्याच्या बायकोबद्दल बोलले. काय बोलले ते इथे लिहायला नको, पण ते नेहमी लागू पडतं. तो गर्रकन वळला. डोळे भरलेले.

"ऐकू आलं ना?" मी विचारलं.

तो ओरडून बोलला, बहिरी माणसं बोलतात तसं. "ऐकलं नाही बाई. दिसलं."

"काय दिसलं?"

"तुम्ही माझ्याबद्दल काहीतरी घाण बोललात ते."

ऐकलं नाही आणि दिसलं! रोज नवं नाटक. मी 'ऐकू येते' असं लिहून कागद पुढे सरकवला. तो बराच वेळ दारात उभा होता. शेवटी शिक्क्यानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. जाताना शिक्का मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तर पोलिसात घ्यायला पाहिजे." त्या टोणग्यानं माझं कौतुक केलं याचंही मला बरं वाटलं, इतकी मी या नोकरीत भुकेली झाले आहे.

१० जून

दुपारी कुणी नव्हतं म्हणून सहज स्टुलावर बसले. समोर औषधांचं काचेचं कपाट आहे. काचेत पाठीमागची सगळी खोली दिसते. मी जिथे उभी राहते तिथे एक झाडू टेकवून ठेवला होता, त्याचा एकेक हीर मोजता आला असता.

म्हणजे दगडफोड्याला खरंच दिसलं होतं. माझं तोंड दिसलं होतं.

आणखी किती जणांना दिसलं असेल, असा विचार आला. तशीच उठले आणि डॉक्टरांकडे गेले. ते फोनवर होते. "हो सर, सगळ्यात जास्त खोटे आमच्याकडेच पकडले गेलेत. आमची कंत्राटी मुलगी आहे, तिची पद्धत आहे. हो सर, पाठवतो नाव." माझ्याकडे बघून त्यांनी अंगठा वर केला. मी पण केला आणि परत आले.

दगडफोड्याची फाइल बंद झाली आहे. सरकारात बंद फाइल उघडायची म्हणजे मेलेल्याला उठवून त्याचं वय विचारायचं. शिवाय तो पुन्हा अर्ज करू शकतोच की.

१५ जून

विशेष काही नाही. दुकानाच्या मालकाला 'सांगते' म्हणून सांगितलं.

एक मजा मात्र झाली. मी स्वयंपाकघरात नवऱ्याला दुकानाबद्दल सांगत होते, तर सासूबाई मध्येच म्हणाल्या, "ती नोकरी सोड तू. माणूस कोळपतं अशा ठिकाणी. पैसे बरे मिळतायत तर जा." मी थक्क झाले. पाटीवर तर कुणी काही लिहिलं नव्हतं. मग लक्षात आलं, माझा चेहराच तसा झाला असणार. म्हातारी माणसं चेहरा बरोबर वाचतात. कान गेले की डोळे तेज होतात, हे आम्हाला शिकवलंही होतं.

पण सल्ला कसला देतात! यांनी उभ्या जन्मात नोकरी केली का? हसून हसून म्हटलं, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आई. तुम्ही आपलं गिळा आणि झोपा." त्यांनी मान डोलावली.

१८ जून

आज नवऱ्याशी सगळा हिशेब मांडला. मी कायम झाले तर बँक कर्ज देईल. कर्ज मिळालं तर या दोन खोल्यांतून सुटू. पण तरी मोठं घर झालं म्हणून सासूबाईंची एक खोली कायमची अडकवून ठेवायची का? धाकटा दीर मजेत राहतो, घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त. त्यानं कधी आईला ठेवून घेतलं? आपणच का म्हणून?

"ती इथे रमलीय," नवरा म्हणाला.

"बहिऱ्या माणसाला सगळीकडे सारखंच. तिकडे पण काही ऐकू येणार नाही, इकडे पण नाही."

"हळू बोल."

"का? भिंतींना कान आहेत? इथे असलेल्या एका माणसाच्या कानाचं तर मीच प्रमाणपत्र देऊ शकते."

सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. एक शेंग हातात धरून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. हल्ली त्यांचं लक्ष राहत नाही. वयच झालं.

नवरा चप्पल घालून बाहेर निघून गेला. भांडण आलं की हा माणूस रस्ता मोजायला जातो.

२१ जून

सासूबाईंनी खिडकीतल्या सगळ्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. विचारलंही नाही. कपाटातला त्यांचा कप्पा पण अर्धा रिकामा केलाय, स्वेटर नीट घडी करून पिशवीत. म्हातारपणी माणसाला आवराआवरीचं खूळ लागतं. माझ्या मात्र पथ्यावर पडलं, खिडकी मोकळी झाली.

२३ जून

यादी पुढे सरकली! वरून समिती येणार आहे. त्यांना माझी पद्धत प्रत्यक्ष पाहायची आहे. पटली तर नाव पक्कं, असं डॉक्टर म्हणाले. एक खोटा बहिरा आणि एक खरा बहिरा समोर बसवून दाखवायचा. खोटा व्हायला शिक्का एका पायावर तयार झाला. म्हणाला, "मला नाहीतरी कुणाचं ऐकायची सवय नाही."

खरा कुठून आणायचा? ज्यांना दाखले दिलेत त्यांतला कुणी समितीसमोर वळला तर? त्या काचेची मला धास्ती बसली आहे. कपाटाला आतून कागद लावायचं ठरवलं. समिती गेली की काढीन. पण तरीही खात्रीचा माणूस हवा. घरात शंभर टक्के बहिरं माणूस असताना मी गावभर कशाला शोधू?

नवऱ्याला सांगितलं तर तो कधी नव्हे तो भडकला. "आईला तमाशात बसवणार? आणि तिच्या पाठीमागे उभी राहून काय बोलणार आहेस?"

"नेहमीचं. पाल वगैरे."

"नाही. दुसरं कुणीतरी बघ. ती नको. तिथे नको."

मग मला रडूच फुटलं. धाय मोकलून रडले. म्हटलं, सात वर्षं त्या खोलीत घालवली, माझ्या मागून आलेल्या पोरी नोकऱ्या सोडून सुखी झाल्या, मी आशेवर बसले. आता तोंडाशी घास आलाय आणि माझ्याच घरात मला कुणाची साथ नाही. ही संधी गेली तर मी संपले, खरंच संपले, बघत बसा. नवरा खाली मान घालून ऐकत होता. सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या, पाठमोऱ्या.

थोड्या वेळानं हात पुसत त्या माझ्यासमोर आल्या. "कुठे न्यायचं असेल तिथे ने मला. मी येईन."

मी नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंडानं नाही म्हणायचं आणि गुपचूप आईला पाटीवर लिहून तयार करायचं! वरून फणस आहे, आतून गरे आहेत. मी त्याला 'थँक यू' म्हटलं तर तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी परकी भाषा बोलले.

२७ जून

आजचा दिवस! सविस्तर लिहायलाच हवा.

नवरा पहाटेच कामासाठी परगावी गेला, गाडी घेऊन. सासूबाईंना मी रिक्षानं दवाखान्यात आणलं. छान कपडे घालून, केस नीट विंचरून आल्या होत्या. समितीत तिघं जण होते: एक झोपाळू, एक सारखा मोबाइल बघणारा आणि एक बाई, करड्या केसांची, नजर अशी की सुईत दोरा ओवावा.

आधी शिक्का. मी पाठीमागून "पाल" म्हटलं मात्र, गडी स्टुलावरून उडालाच. खोटं नाटक नव्हतं ते, शिक्का पालीला खरंच घाबरतो. सगळे खोखो हसले.

मग सासूबाई बसल्या. मी 'पाणी', 'झाड' म्हटलं. पाल म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. काही नाही. डॉक्टर समितीकडे बघून हसले.

ती बाई म्हणाली, "पालीला न घाबरणारेही असतात. तुम्ही घरच्या माणसांबद्दल बोलता ना? ते दाखवा. असं काहीतरी म्हणा, की कुठलीही आई वळलीच पाहिजे."

मग सुचलं. मी नेहमीच्या जागी उभी राहिले, आवाज अगदी सपाट ठेवला आणि म्हटलं, "आई, आत्ता फोन आला होता. यांच्या गाडीला अपघात झाला. तुमचा मुलगा गेला."

झोपाळू सभासदसुद्धा ताठ बसला.

"पुन्हा," बाई म्हणाली. "जरा मोठ्यानं."

मी पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, अगदी खणखणीत. बाहेरच्या बाकावरचे लोक दारात येऊन डोकावले. आणि सासूबाई? ताठ. एक केस हलला नाही. हात गुडघ्यांवर घट्ट आवळून धरले होते, पण दवाखान्यात म्हातारी माणसं घाबरलेली असतातच. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

ती बाई उठून पुढे गेली आणि वाकून सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय," ती म्हणाली.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय," मी लगेच म्हटलं. "पंख्याचा वारा सोसत नाही." खरंच झालंय, चार वर्षांपूर्वी.

बाई आणखी थोडा वेळ वाकून उभी राहिली. मग सरळ झाली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पद्धत परिणामकारक आहे." डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सासूबाईंना चालवेना. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला फोन लाव."

मी पाटी काढून लिहिलं, 'का?' त्यांनी पाटीकडे पाहिलंच नाही. "लाव म्हणते ना! आत्ता लाव!" इतक्या जोरात, की लोक बघायला लागले. तमाशा नको म्हणून लावला. फोन त्यांनी माझ्या हातातून हिसकावून कानाला लावला. नवऱ्याचा आवाज मलाही ऐकू आला, "हॅलो? हां, बोल. झालं का? हॅलो?" तेवढ्यावर सासूबाईंनी फोन मला परत दिला आणि तिथेच पायरीवर मटकन बसल्या. ऐकू येत नसताना फोन कानाला लावून काय मिळालं कोण जाणे. सवय, दुसरं काय. बऱ्याच वेळानं उठल्या.

पण दिवस माझा होता. रिक्षात बसल्यावर मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आभारी आहे.' त्यांनी वाचलं आणि बाहेर बघत राहिल्या.

३० जून

दुकानाच्या मालकाला नाही सांगून आले. मन थोडं खट्टू झालं, त्याची आवाजबंद खोली फार सुरेख आहे. त्याच्या कानावर समितीची गोष्ट आली होती. "तिथे काय म्हणालात तेही कळलं," तो म्हणाला. "मॅडम, तुमच्यासारखी माणसं सरकारातच हवीत." ऐकून बरं वाटलं. धंदेवाईक असला तरी माणसाची पारख आहे त्याला.

म्हणजे ठरलं. मी राहतेय.

३ जुलै

सासूबाई धाकट्या दिराकडे गेल्या. स्वतःहून! मला काही बोलावंच लागलं नाही. "तिकडे थोडे दिवस राहून बघते," म्हणाल्या. पिशवी तर भरलेलीच होती. नवरा सोडायला गेला. कालपासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, पण त्याचं काय, त्याचा मौनव्रताचा जुनाच शौक.

निघताना त्या पाटी विसरल्या. मी धावत जाऊन गाडीच्या खिडकीतून दिली, तर म्हणाल्या, "राहू दे. तिकडे लागणार नाही." दिराकडे काही वेगळी सोय केली असेल.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. चहा मात्र स्वतः करावा लागतो.

८ जुलै

यादी वर पोहोचली. सहीसाठी टेबलावर आहे. शिक्क्यानं आज मला बसायला खुर्ची दिली.

काम रोजचंच. पण घरी आल्यावर काय करावं कळत नाही. बोलायला कुणी नाही. भिंतीशी बोलून पाहिलं, त्यात मजा नाही, भिंत हसत नाही.

१३ जुलै

दुपारी जावेचा फोन आला. आनंदानं नुसती फुटत होती.

"ताई, तुम्ही आम्हाला सांगितलंच नाही हो! आईंना किती छान ऐकू येतं! सकाळी मी आतल्या खोलीतून हाक मारली तर लगेच 'ओ' आली. फोनवर बहिणीशी तासभर गप्पा मारतात. आम्ही तर घाबरलो होतो, कसं बोलायचं म्हणून."

"यंत्र घेतलंत का कानाचं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"छे हो! यंत्र कशाला? त्या म्हणाल्या, ताप उतरल्यावर महिन्याभरात कान आले होते परत."

फोन ठेवला. ताप उतरल्यावर महिन्याभरात. म्हणजे गरम पाणी. फुकटचं खाणं. गिळा आणि झोपा. दिराकडे पाठवायचं. सगळं. आणि त्या दिवशी स्टुलावर... नाही. तिथपर्यंत मी गेले आणि परत फिरले. तिथे जायचं नाही असं ठरवून टाकलं.

नवरा आल्या आल्या त्याच्यावर तुटून पडले. "तुला माहीत होतं?"

"थंडीपासून," तो म्हणाला.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती." तो बूट काढत होता, मान वर केली नाही. "म्हणाली, बाहेर तिला कुणी बोलू देत नाही. घरात तरी बोलू दे."

मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी समितीसमोर तू काय म्हणालीस तिला? ती सांगत नाही. तिकडे गेल्यापासून रोज दोनदा फोन करून मी जेवलो का, नीट पोहोचलो का, विचारते. काय म्हणालीस?"

"नेहमीचंच," मी म्हटलं.

लाज वाटली, हे लिहिते. खूप वाटली. पण तेवढ्यात एक विचार असा आला की लाजेला बसायला जागाच उरली नाही. यादीवर अजून सही झालेली नाही. समितीच्या अहवालात सासूबाईंचं नाव 'पूर्ण बहिरेपणा' म्हणून आहे. दीर त्याच शहरात राहतो जिथे ती करड्या केसांची बाई बसते. आणि सासूबाई तिकडे सगळ्या गावाशी फोनवर गप्पा मारतायत! कुणाच्या तरी कानावर गेलं, तर पद्धत खोटी, मी खोटी, सात वर्षं पाण्यात. आणि दुकानात तर कधीच दुसरी मुलगी बसली आहे.

नवरा आंघोळीला गेल्यावर जावेला फोन लावला.

"ऐक, एक काम कर. आईंना सांग, सही होईपर्यंत तरी बाहेर कुणाशी बोलू नका म्हणावं. कुणी हाक मारली तर वळू नका. थोडेच दिवस. इतके दिवस केलं, तसंच आणखी थोडं."

जाऊ म्हणाली, "ताई, मला हे काही कळत नाही. तुम्हीच सांगा ना त्यांना. इथेच आहेत. देऊ फोन?"

"नको!" मी ओरडलेच. "तू सांग. मी थांबते."

फोन तिनं हातातच धरला होता. मला सगळं ऐकू येत होतं. तिनं माझा निरोप शब्दन्‌शब्द सांगितला. लांब कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. आणि मग सासूबाईंचा आवाज आला, सावकाश, अगदी सपाट.

"तिला म्हणावं, निश्चिंत राहा. मी काहीही ऐकलेलं नाही."

जीव भांड्यात पडला. काही झालं तरी बाई शब्दाला पक्की आहे, एवढं मी नक्की सांगू शकते. उद्या डॉक्टरांना सहीचं काय झालं ते विचारायला हवं.